तीस मुक्कामांचे दिवस

१

गौरम्माच्या बोटाला पिन टोचली नसती तर ती पुडी तिने तशीच झाडून कचऱ्यात टाकली असती. गुरुवारची सकाळ, सात वाजलेले. ओट्यावरची देवळी पुसताना हाताला हिरवा खण लागला. पार्सलासारखा चौकोनी घडी घातलेला, वर पिवळ्या डोक्याची पिन. आत मूठभर तांदूळ, एक सुपारी आणि एक पासपोर्ट. पासपोर्टावर शेजारच्या कुसुम टीचरचा फोटो होता.

गौरम्मा रक्त आलेलं बोट तोंडात धरून धावत आली. कुसुमने पासपोर्ट उघडला. व्हिसाच्या पानावर हळद-कुंकू कालवून फासलेलं होतं. अक्षरं फुटली होती, पानाचा लगदा झाला होता. रविवारी हैदराबादहून विमान, आणि हातात हे.

नऊ वाजता तिचा मला फोन आला. "अण्णा, तू ये," एवढंच म्हणाली. निलंगा ते लातूर, मिळेल ती गाडी पकडून मी साडेदहाला तिच्या दारात.

मी रामलिंग, कुसुमचा थोरला भाऊ. छत्तीस वर्षं एसटीत काढली, शेवटची पंधरा निलंगा आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून. कुणाची ड्यूटी कधी लागली, कधी सुटली, कोण खरा आजारी आणि कोण लग्नाला पळाला, हे ओळखण्यात जन्म गेला. लोक मला तुसडा म्हणतात. म्हणू देत, मी आहेच.

अंगणात आलो तर गौरम्माच्या घरावरून येणारं ऊन सरळ डोळ्यांत घुसलं. डोळ्यांवर हात धरूनच मी पायऱ्या चढलो. आत भांडण पेटलेलं होतं आणि दाजींचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

"हे आक्काचं काम आहे! दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही!"

२

दाजी म्हणजे मल्लिकार्जुन, माझ्या बहिणीचे यजमान, कॉलेजातले गणिताचे निवृत्त प्राध्यापक. माणूस हुशार, पण आपली हुशारी दुसऱ्याच्या डोक्यावर आपटल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. आक्का म्हणजे केवळाबाई, दाजींची थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर, विधवा, याच घरात राहते. ती कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्याकडे कुणी पाणीसुद्धा नेलं नव्हतं.

हॉलच्या भिंतीवर तो प्रसिद्ध तक्ता होता. दाजी नि कुसुम सहा महिने युरोप फिरायला निघणार होते, आणि वर्षभर या घरात दुसरा विषय नव्हता. नियम असा की युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा लागतो, त्याला शेंगेन म्हणतात. तो असला तरी कुठल्याही एकशेऐंशी दिवसांत तिथे नव्वदच दिवस राहता येतं. एक दिवस जास्त झाला तरी दंड, वर पुढच्या वेळी दार बंद. म्हणून दाजींनी आलेखाच्या कागदावर एकशेऐंशी चौकोन आखले होते. तीस मुक्काम, म्हणजे तीस रात्री, शेंगेनमध्ये, मग चाळीस बाहेर, सर्बियात नि अल्बानियात. पुन्हा तीस आत, चाळीस बाहेर जॉर्जियात, पुन्हा तीस आत. प्रत्येक वेळी आत शिरायची एक पिन, बाहेर पडायची एक. सहा पिना, पिवळ्या डोक्यांच्या.

या तक्त्यावर त्यांनी ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान दिलं होतं. 'नव्वदचं गणित' नावाची पुस्तिका छापून वाटली होती. संघातली चार जोडपी त्याच तारखांवर तिकिटं काढायच्या तयारीत होती.

"कपाटाची किल्ली कुठे असते?" मी विचारलं.

"फोटोमागं. घरात सगळ्यांना ठाऊक आहे," कुसुम म्हणाली. "दोन्ही पासपोर्ट एकाच पाकिटात होते. यांचा तसाच आहे. माझाच नेला."

"व्हिसा परत मिळेल की. उशिरानं जा," मी म्हणालो.

"नाही मिळणार!" दाजी माझ्यावर खेकसले. "आता विषय संपला. एकटा गेलो असतो मी, पण बायकोला टाकून जाणाऱ्यांतला मी नाही. आक्काने जे करायचं ते केलं. अडाणीपणाला औषध नाही."

तेहेतीस वर्षं कुसुमने पोरांना भूगोल शिकवला. डॅन्यूब नदी फळ्यावर इतक्या वेळा काढली की डोळे मिटून काढेल, आणि स्वतः ती हैदराबादच्या पुढे गेलेली नाही. साठावं सरलं, गुडघे कुरकुरायला लागलेत. तिला आता जायचं होतं. पुढे कधी नव्हे, आता.

मला राग आला. आणि राग आला की मला नीट दिसायला लागतं.

३

आक्कापुढे तांब्या ठेवला नि मी समोर बसलो.

"आक्का, परस्थान तुम्ही ठेवलं?"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ज्या दिशेला जायचं त्या दिशेसाठी निघायचा वार वाईट असला, तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाची एखादी वस्तू सुपारी-तांदळासकट वाटेवरच्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात. म्हणजे माणूस त्या दिवशीच निघाला असं धरायचं. मग खरं जाताना ती वस्तू उचलून पुढे. आमच्याकडे जुनी माणसं याला परस्थान म्हणतात.

"न्हाई ठेवलं," आक्का म्हणाली. "म्या मल्लूला म्हणलं व्हतं. ऐतवारी पच्छिमेला दिशाशूळ असतंय, परस्थान ठिवावं. तर सगळ्यांम्होरं हसला माज्यावर. म्हणला, विमानाला शूळ टोचत न्हाई. मंग म्या गप बसले. मला काय पडलंय."

"रागात ठेवलं असेल."

"रागात परस्थान ठेवतेत व्हय रे? आन् चोरून? परस्थान सांगून-सवरून ठिवायचं असतंय." तिचे डोळे भरले, पण आवाज कडकच होता. "कुसुमवर माजा राग हाय. हाव, हाय! मला इथं टाकून सहा म्हयने चालली म्हणून हाय. पण तिचा कागुद नासून मला काय भेटणार?"

"तिची वस्तू ठेवायची तर काय ठेवली असती?"

"तिची पोथी ठिवली असती, न्हाई तर धुतलेलं लुगडं. मला काय ठावं तुमचा पासपोट."

बाहेर सून ऋतुजाची स्कूटर उभी होती. हेडलाईटवर वाळकं कुंकू. फ्रिजच्या दारावर, शिवणयंत्राच्या तोंडावर, नातवाच्या पाटीच्या चौकटीवर, सगळीकडे आक्काचं कुंकू होतं. नव्या वस्तूच्या कपाळाला लावायची तिची पद्धत.

मी पासपोर्ट पुन्हा हातात घेतला. वरचं निळं कव्हर कोरं करकरीत होतं.

४

ऋतुजा कुसुमची सून. शाळेत शिक्षिका, मुलगा तीन वर्षांचा, नवरा पुण्यात नोकरीला. तिने स्वयंपाकघरातूनच तोफ डागली.

"मामा, मला विचारायला आलात ना? विचारा. मला नकोच होतं आईंनी जावं. सहा महिने पोराला कुठं ठेवू मी? रजा कोण देतंय? तोंडावर बोलले मी त्यांना. भांडण झालं, दोन दिवस जेवले नाही."

"मग कुंकू तू लावलंस?"

"लावायचं असतं तर मी पासपोर्ट नालीत टाकला असता. खण, तांदूळ, सुपारी करत बसायला मला टाईम कुठाय?" तिने भाकरी तव्यावर आपटली. "आणि एक सांगते. आई गेल्या नाहीत तर मला सुटल्यासारखं होईल. पण आज सकाळी त्यांचं तोंड बघितलं तेव्हा मला माझीच लाज वाटली."

संशयातला दुसरा भागवत, दाजींचा धाकटा भाऊ. नांदेडला त्याचं टूरचं ऑफिस आहे. मंगळवारी निरोप द्यायला म्हणून आला होता. दोघा भावांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. दाजींनी संघातल्या व्याख्यानात टूरवाल्यांना 'मेंढपाळ' म्हटलं होतं, ते भागवत विसरला नव्हता.

"हाव, मी म्हणलो होतो," भागवत म्हणाला. "दादाचं गणित चुकलं की अख्ख्या नांदेडात पेढे वाटीन म्हणलो होतो. पण भाभीचा पासपोर्ट कामून खराब करू? दादाचा केला असता! सकाळपासून मी सांगून राहिलो, पासपोर्ट दुसरा निघतो, व्हिसाला परत अर्ज टाकता येतो, दोन-चार महिने लागतील. माझी ओळख हाय, जिम्मेदारी घेतो. दादा ऐकूनच घेईना. खामखा माझ्यावर ओरडून राहिला."

"ओरडले? काय म्हणाले?"

"म्हणाला, पुन्हा या घरात त्या तक्त्याचं नाव काढायचं नाही."

मी चहा अर्धा सोडून उठलो. वर्षभर ज्याने त्या तक्त्याशिवाय दुसरं बोलणं केलं नाही, त्याला आज त्याचं नाव नको होतं.

५

हॉलमध्ये कुणी नव्हतं. मी चष्मा पुसून भिंतीला नाक लावलं.

पाच पिना पिवळ्या डोक्यांच्या. सहावी, शेवटची, बाहेर पडायची, साधी ऑफिसातली टाचणी. तारखेवर नेमकी टोचलेली, पण टाचणी. आणि तिच्या तीन चौकोन अलीकडे कागदाला एक बारीक भोक. दुसरीकडे कुठेही असं रिकामं भोक नव्हतं.

तीन चौकोन. तीनच का?

मी पहिल्या फेरीचे चौकोन बोटाने मोजले. पिनेपासून पिनेपर्यंत, दोन्ही पिना धरून. पुन्हा मोजले. मग मला हसू आलं. बरं हसू नव्हतं ते.

आगारात नवा कारकून आला की पहिली चूक हीच करायचा. मुक्कामी गाडी घेऊन ड्रायव्हर संध्याकाळी किनवटला जातो, रात्री तिथेच झोपतो, सकाळी परत येतो. रात्र एक, पण हजेरी दोन दिवसांची. नवखा कारकून एकच दिवस मांडायचा आणि ड्रायव्हर त्याच्या टेबलावर मूठ आपटायचे.

"कुसुम!" मी हाक मारली. "हा तक्ता झाला तेव्हा तू यांना काही विचारलं होतंस का?"

ती दारात उभी राहिली. "विचारलं होतं. उतरलो तो दिवस धरतात आणि निघालो तोही धरतात, असं मी वाचलं होतं. संघातली मंडळी बसली होती. हे म्हणाले, तू नद्या मोज, दिवस मी मोजतो. सगळे हसले." ती थांबली. "मीही हसले, अण्णा. काय करणार?"

"सगळ्यांना बोलव," मी म्हणालो. "आणि गौरम्मालाही. म्हणावं, तुझ्या बोटाला टोचलेली ती पिन घेऊन ये."

६

सगळे बसले. दाजी उभेच राहिले, हाताची घडी घालून.

"ही पुडी आक्कांनी ठेवलेली नाही," मी म्हणालो. "सकाळी या अंगणात ऊन कुठून येतं?"

"माझ्या घरावरून," गौरम्मा म्हणाली.

"म्हणजे तुझं घर पूर्वेला. आणि ही मंडळी जाणार पश्चिमेला. पश्चिमेच्या प्रवासाचं परस्थान आक्का पूर्वेच्या घरी ठेवतील?"

"मेले तरी ठिवणार न्हाई!" आक्का कडाडली. सकाळपासून पहिल्यांदा तिचा आवाज सगळ्यांसमोर चढला.

"हैदराबाद पूर्वेला आहे," दाजी ताडकन म्हणाले. "विमानतळ तिकडे आहे. तिने तो हिशेब केला असेल."

"पूर्वेला जायचं तर रविवार चांगला असतो, दाजी. परस्थानाची गरजच नाही. पश्चिम धरली तर घर चुकलं, पूर्व धरली तर वार चुकला. आक्का दोन्ही चुकणार नाहीत. ज्याने हे केलं त्याने परस्थानाबद्दल ऐकलं होतं, पण हसण्याच्या नादात नीट ऐकलं नव्हतं."

दाजींच्या हाताची घडी सुटली.

"दुसरं. आक्का कुंकू लावतात ते तोंडाला, दर्शनी बाजूला. स्कूटर बघा, फ्रिज बघा. पासपोर्टाचं कव्हर कोरं आहे. इतक्या पानांतून नेमकं व्हिसाचं पान काढून फासलंय. ते पान कुठलं, हे ओळखणाऱ्याचा हात होता तो."

ऋतुजा आणि भागवत एकमेकांकडे बघायला लागले. दोघांनाही ते पान ओळखता आलं असतं.

"घाबरू नका. गौरम्मा, पिन दे." मी ती पिवळी पिन तक्त्यावरच्या पाच पिनांशेजारी धरली. तंतोतंत सहावी. "पुडीला गाठ मारता न येणाऱ्या माणसाने हिने पुडी बंद केली. आता सांगा. ऋतुजाने ही पिन उपसली असती तर तिच्या जागी टाचणी लावत बसली असती? भागवतने लावली असती? त्याला तर तक्ता फाडायचाच होता. चोरी करतानासुद्धा तक्त्यावरची तारीख उघडी पडू नये म्हणून जीव कासावीस होणारा माणूस या घरात एकच आहे."

मी तक्त्यावरच्या भोकावर बोट ठेवलं.

"ही पिन बाहेर का निघाली तेही सांगतो. तीन चौकोन अलीकडे भोक आहे. कुणीतरी शेवटची पिन तीन दिवस मागे आणून बघितली. कारण तीस मुक्काम म्हणजे एकतीस दिवस. तीनदा एकतीस, त्र्याण्णव. शेवटचे तीन दिवस नियमाबाहेर. दाजी, चूक तुम्हाला सापडली होती. कधी सापडली?"

"सोमवारी," दाजी म्हणाले. आवाज ओळखू येईना. "एका जोडप्याचा फोन आला. एजंटाने त्यांना सांगितलं, सरांच्या पुस्तिकेत गडबड आहे."

"मग तीन दिवस कमी करायचे."

"सगळीकडे सांगावं लागलं असतं! पुस्तिका छापलीय, व्याख्यान दिलंय. पस्तीस वर्षं गणित शिकवलं मी, आणि बोटावर मोजायचं चुकलो म्हणून..." ते कुसुमकडे बघणार होते, पण बघू शकले नाहीत. "आणि तू सांगितलं होतंस. सगळ्यांच्या समोर."

"म्हणून माझा पासपोर्ट," कुसुम म्हणाली.

"तुझा खराब झाला की मी तुझ्यासाठी थांबलो, असं झालं असतं. आक्काला कुणी काय म्हणणार? म्हातारं माणूस..."

"मला म्हणणार काय?" आक्का भिंतीला धरून उठली. "सकाळधरून समद्या गल्लीनं म्हणलं, मल्लू! तुज्या तोंडानं म्हणलास! तुला ह्या हातानं ल्हानाचा मोठा केला रे मी."

भागवत काही बोलायला गेला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा बसला.

कुसुम रडेल असं मला वाटलं होतं. ती तक्त्यापाशी गेली, टाचणी उपसली आणि दाजींच्या हातावर ठेवली.

"तीन दिवस," ती म्हणाली. "मला म्हणाला असतात ना, कुसुम, तीन दिवस कमी करू, तर मी कारणसुद्धा विचारलं नसतं."

७

पासपोर्ट नवा निघायला आणि व्हिसा पुन्हा मिळायला चार महिने गेले. भागवतने जिम्मेदारी घेतली ती निभावली, आणि पेढे काही वाटले नाहीत. ऋतुजाच्या पोराला सांभाळायचं कुणी, हा प्रश्न एका दिवसात सुटला. निवृत्त प्राध्यापक घरी रिकामेच होते.

कुसुम एकटीच निघाली. तक्ता तिने शाळेच्या वहीत स्वतः आखला. दर वेळी एकोणतीस दिवस, दोन्ही टोकं धरून, वर तीन दिवस हाताशी राखलेले. मी तपासला. माझ्या आगारात असती तर एक तक्रार आली नसती.

विमान पुन्हा रविवारचंच मिळालं. बुधवारी सकाळी आक्काने मला हाताला धरून गल्लीच्या पश्चिम टोकाला, संगप्पाच्या घरी नेलं. कुसुमचं धुतलेलं लुगडं, तांदूळ, सुपारी, सगळं खणात बांधून तीन गाठी मारल्या आणि संगप्पाच्या देवळीत ठेवलं. येता-जाता भेटेल त्याला सांगत होती, "आमच्या कुसुमचं परस्थान हाय."

"आणि मल्लूचं?" संगप्पाने विचारलं.

"त्याचं कशाला? त्यो घरीच हाय."

रविवारी गाडी दारात लागली. शेजारीपाजारी जमले, संघातली मंडळीही आली. दाजी नातवाला कडेवर घेऊन फाटकापाशी उभे होते. त्यांचा पासपोर्ट आत कपाटात होता, व्हिसा अजून शाबूत. त्याकडे कुणी बघितलं नव्हतं. कुसुम गाडीत बसता बसता वळली.

"सर," ती म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तिने त्यांना अशी हाक मारली. "तीस मुक्कामांचे दिवस किती?"

दाजींनी नातवाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. मला वाटलं, आत निघून जातील. आक्का फाटकाची कडी धरून उभी होती, ती काही बाजूला झाली नाही.

"एकतीस," दाजी म्हणाले.

"मागच्यांना ऐकू नाही आलं," कुसुम म्हणाली.

"एकतीस!"

कुसुमने दार ओढून घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चला. आधी संगप्पांच्या घरी थांबायचंय."